त्सुयोशी शिंजोला नुसता तमासगीर म्हणणाऱ्यांसाठी

शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूमुळे आपल्याकडचे बरेच जण आता जपानी बेसबॉल बघायला लागले आहेत. तरी निप्पॉन-हॅम फायटर्स या संघाचा मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) कोण असं विचारलं, की उत्तर बहुतेक एकाच सुरात येतं : "तो पांढऱ्या दातांचा, रंगीत गॉगलवाला, हवेत उडणाऱ्या मोटारसायकलवरून मैदानात आलेला." हे सगळं खरं आहे. २९ मार्च २०२२ ला साप्पोरो डोममध्ये, घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला तो खरोखरच तरंगत्या बाइकवर बसून आला होता. पण एवढ्यावर शिंजोची ओळख संपवणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शिंजो हा आधी आणि शेवटीही एक अव्वल सेंटर फील्डर आहे, म्हणजे आउटफिल्डच्या (मैदानाच्या मागच्या भागाच्या) मध्यभागी उभा राहणारा क्षेत्ररक्षक. चेंडू बॅटला लागण्याआधी तो कुठे जाणार हे ज्याला दिसतं, अशातला. त्याचा भपका आणि त्याचा खेळ एकाच नजरेतून आले आहेत.

जन्म २८ जानेवारी १९७२, नागासाकी प्रांतातल्या त्सुशिमा बेटावर. वाढला फुकुओकात. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात तो) हानशिन टायगर्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं, म्हणजे फारशा अपेक्षा न ठेवता. मे १९९२ मध्ये टॉम ओमॅली जखमी झाला म्हणून तिसऱ्या बेसवर याला उभं केलं आणि पहिल्याच चेंडूवर याने होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला. त्याच हंगामात तो सेंटर फील्डला गेला आणि तिथलाच झाला. टायगर्स तेव्हा वर्षानुवर्षं तळाशी असायचे. त्या वर्षी कामेयामा आणि शिंजो या दोन पोरांच्या जोरावर ते दुसरे आले आणि ओसाका-कोबे पट्ट्यात लोक वेडे झाले.

आता फिल्डिंगबद्दल. त्याला एकूण दहा गोल्डन ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) मिळाले, सात टायगर्सकडून आणि तीन फायटर्सकडून. ज्या ग्लोव्हने हे सगळं केलं तो त्याने पहिल्या पगारातून ७,५०० येनला विकत घेतला होता आणि निवृत्त होईपर्यंत दुरुस्त करून करून तोच वापरला. गाड्या, कपडे, घड्याळं यांवर हात सैल सोडणारा माणूस हत्याराच्या बाबतीत असा होता.

फलंदाजी मात्र साधारण. जपानमधली कारकिर्दीची सरासरी .२५४ (म्हणजे दर हजार प्रयत्नांत २५४ हिट्स), होमरन २०५, हिट्स १,३०९. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण तो फार मोठा फलंदाज होता असा माझा दावा नाही. १९९५ च्या डिसेंबरात तर "माझ्यात बेसबॉलची अक्कलच नाही" असं सांगून त्याने निवृत्ती जाहीर केली होती आणि दोन दिवसांत मागेही घेतली होती. मॅनेजरशी पटत नव्हतं हे त्यामागचं खरं दुखणं.

पण १२ जून १९९९ चा सामना बघा. कोशिएन मैदान, समोर योमिउरी जायंट्स, बारावी इनिंग, ४-४ बरोबरी, एक बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. जायंट्सच्या माकिहारा या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) शिंजोला मुद्दाम फुकटचा बेस द्यायचं ठरवलं. तेव्हाच्या नियमाने त्यासाठीही चार चेंडू बाहेर टाकावेच लागायचे. शिंजोने पाय लांब टाकून बाहेरचा चेंडू फटकावला, चेंडू तिसऱ्या बेस आणि शॉर्टस्टॉपच्या मधून डावीकडे गेला आणि टायगर्स जिंकले. हा काही लहरीपणा नव्हता. आधी काही दिवस त्याने असे बाहेरचे चेंडू मारायचा सराव केला होता. बॅटिंग कोच काशिवाबारा यांनी स्वतः १९८१ मध्ये अशाच मुद्दाम बाहेर टाकलेल्या चेंडूवर होमरन मारला होता. आणि डगआउटमध्ये बसले होते कात्सुया नोमुरा, आकडे आणि निरीक्षण यांवर बेसबॉल उभा करणारे जपानचे सर्वांत करडे मॅनेजर. लोकांना वाटलं होतं या दोघांचं दोन दिवसही जमणार नाही. नोमुरांनी मात्र त्याला वसंत सरावात पिचर म्हणूनही उभा करून पाहिला आणि फलंदाजीत चौथ्या क्रमांकावर खेळवलं. २००० मध्ये शिंजोचा सर्वोत्तम हंगाम झाला : .२७८, २८ होमरन, ८५ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा).

त्यानंतर टायगर्सने पाच वर्षांसाठी १२० कोटी येन देऊ केले. तो अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्सकडे गेला, वर्षाला दोन लाख डॉलरवर. अमेरिकेतला तो किमान पगार होता.

पुढचं प्रतिसादांत बोलू. जपानमध्ये राहणाऱ्यांनी जरूर भर घालावी.

— सेंटरफील्ड


पाटीपेन्सिल : छान धागा. मी नवीन आहे म्हणून दोन प्रश्न. जपानमध्ये एकूण किती संघ? आणि आउटफिल्डमध्ये चेंडू "आधी दिसतो" म्हणजे नक्की काय?

सेंटरफील्ड : बारा संघ, सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीगमध्ये सहा-सहा. हंगाम १४३ सामन्यांचा. लीगमधले पहिले तीन संघ क्लायमॅक्स सीरिज खेळतात आणि दोन्ही लीगच्या क्लायमॅक्स सीरिजचे विजेते जपान सीरिजमध्ये भेटतात. टायगर्स सेंट्रलमध्ये, फायटर्स पॅसिफिकमध्ये.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की सेंटर फील्डरला पिचर आणि कॅचर सरळ रेषेत दिसतात. कॅचरचा ग्लोव्ह आत सरकला की बाहेर, चेंडू वेगवान आहे की वळणारा, फलंदाजाचा पुढचा पाय कुठे पडतोय, यावरून चांगला फिल्डर बॅट फिरायच्या आतच वजन एका बाजूला टाकतो. शिंजोचे झेल सोपे वाटायचे, कारण पहिली दोन पावलं त्याने आधीच टाकलेली असायची. आणि मग तो झेलताना किंचित उडी मारायचा, तेवढीच लोकांच्या लक्षात राहिली.

हडसनकाठी : मी तेव्हा न्यू जर्सीत नवीन होतो. ऑफिसातल्या मित्रांबरोबर शे स्टेडियमला जायचो, कारण मेट्सची तिकिटं यांकीजपेक्षा स्वस्त होती. २००१ मध्ये सगळी अमेरिका इचिरोबद्दल बोलत होती आणि ते बरोबरच होतं. पण मेजर लीगमध्ये खेळलेले पहिले जपानी पोझिशन प्लेयर्स (पिचर सोडून बाकीचे खेळाडू) हे दोघे, इचिरो आणि शिंजो, एकाच हंगामात आले. शिंजोने त्या वर्षी १२३ सामन्यांत .२६८ आणि १० होमरन केले. किमान पगारावर आलेल्या माणसाकडून मेट्सने याहून जास्त मागायचं तरी काय? केशरी मनगटपट्टे घालून तो डाव्या किंवा मधल्या फील्डमधून थेट होम प्लेटवर फेकायचा, तेव्हा आमच्या रांगेतले जुने न्यूयॉर्ककर म्हातारे उभे राहायचे. बॉबी व्हॅलेंटाइनने आधी जपानमध्ये मॅनेजरकी केलेली होती, त्यामुळे त्याला याची किंमत कळत होती.

पुढच्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला, तिथे बॅट चालली नाही (.२३८), पण २००२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (अमेरिकेतल्या अंतिम मालिकेत) खेळणारा पहिला जपानी तोच. पहिल्या सामन्यात डेझिग्नेटेड हिटर (फक्त फलंदाजी करणारा) म्हणून उतरला आणि हिटही मिळवली. २००३ ला परत मेट्स आणि .१९३. संपलं तिथलं. अमेरिकेत एकूण ३०३ सामने, २० होमरन. इथले लोक त्याला विसरले. मला ते कधी पटलं नाही.

उत्तरेकडे : साप्पोरोत राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो ते इथलेच झालो. इथल्या शेजारणींकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं दोन्ही लिहिते.

२००४ पर्यंत होक्काइदोत स्वतःचा व्यावसायिक संघच नव्हता. टीव्हीवर जायंट्सचे सामने दिसायचे, त्यामुळे घरोघरी जायंट्सचे चाहते. फायटर्स त्या वर्षी टोकियो डोम सोडून इथे आले. संघ मधल्या फळीतला, मैदान शहराच्या कडेला, आणि आठ महिन्यांत थंडी परत येणार. त्या संघाला लोकांच्या घरात नेलं ते शिंजोने. त्याने साप्पोरो डोम भरून दाखवीन असं सांगितलं, तेव्हा लोकांनी ते मनावर घेतलं नाही. शेजारच्या आजी सांगतात, की त्या बेसबॉल बघायला लागल्या त्या "तो उंच पोरगा आज काय करतो" एवढ्यासाठीच, आणि मग त्यांना इनाबा कळला, मोरिमोतो कळला, नियम कळले.

२० सप्टेंबर २००४ चा सामना इथे अजून सांगितला जातो. खेळाडूंच्या संपामुळे शनिवार-रविवारचे सामने झाले नव्हते. संघांची संख्या कमी करायच्या मालकांच्या बेताविरुद्धचा तो संप होता. सोमवारी पुन्हा खेळ सुरू झाला, तेव्हा शिंजो आणि साथीदार सरावाला मुलांच्या मालिकेतले रंगीत मुखवटे घालून उतरले, वाट पाहायला लावलेल्या प्रेक्षकांसाठी. समोर डाइएइ हॉक्स. नवव्या इनिंगमध्ये १२-१२, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि शिंजोने चेंडू स्टँडमध्ये टाकला. आनंदाच्या भरात पुढचा रनर युकिओ तानाकाने त्याला मिठी मारून गर्रकन फिरवलं आणि त्यात शिंजो त्याच्या पुढे गेला. नियमाने शिंजो बाद. ग्रँड स्लॅमची, म्हणजे चार धावांच्या होमरनची, झाली साधी हिट, धाव धरली एकच, पण सामना १३-१२ असा जिंकला. मुलाखतीत तो म्हणाला, आजचा हिरो मी नाही, सगळे आहेत. वैयक्तिक ग्रँड स्लॅम गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडत नाही.

सेंटरफील्ड : उत्तरेकडे, मनापासून आभार. त्याच वर्षीच्या जुलैतला ऑल-स्टार सामना जोडतो. नागानोत शिंजो तिसऱ्या बेसवर होता. कॅचर यानो प्रत्येक चेंडूनंतर पिचरकडे निवांत परत फेकत होता. यानो त्याचा टायगर्समधला जुना सहकारी. शिंजोने ती सवय हेरली, चेंडू हवेत असताना धावला आणि होम चोरलं, म्हणजे फटक्याशिवाय धाव काढली. सामन्याचा मानकरी तोच ठरला. वर्तमानपत्रांनी लिहिलं ते त्याच्या धाडसाबद्दल. मला त्यात निरीक्षण दिसतं. परतफेकीकडे मैदानात दुसरं कोणी बघत नव्हतं.

आणि २००६. १८ एप्रिलला, हंगाम नुकता सुरू झालेला असताना, टोकियो डोममध्ये ग्रँड स्लॅम मारून त्याने त्याच संध्याकाळी हंगामअखेरीस निवृत्त होत असल्याचं सांगितलं. संघाने त्यानंतर ते वर्ष जिंकलं. डावीकडे मोरिमोतो, मध्ये शिंजो, उजवीकडे इनाबा : तिघांनाही त्या वर्षी गोल्डन ग्लोव्ह. एका संघाची अख्खी आउटफिल्ड! जपान सीरिजमध्ये ड्रॅगन्सना ४-१ हरवून फायटर्सनी ४४ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. शेवटच्या वेळी बॅटिंगला आला तेव्हा शिंजोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ड्रॅगन्सच्या तानिशिगे या कॅचरने त्याला सांगितलं की रडू नकोस, सगळे सरळ चेंडू येतील. तिन्ही चेंडूंवर पूर्ण ताकदीने बॅट फिरवून तो बाद झाला. १ नंबरची जर्सी त्याने मोरिमोतोला दिली.

तिसरा_पंच : धागा आवडला, पण मॅनेजर म्हणून त्याला एवढं डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. त्याच्या आधीचे हिदेकी कुरियामा बघा. तेही आउटफिल्डरच. शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठातून आलेले, याकुल्ट संघाकडून खेळले, १९८९ ला गोल्डन ग्लोव्ह, आणि मेनिएरच्या आजाराने चक्कर येत असल्याने १९९० लाच निवृत्त. मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी, २०१२ ला, लीग जिंकली. ओहतानीला पिचर आणि फलंदाज दोन्ही होऊ दिलं, २०१६ ला जपान सीरिज, २०२३ ला जपानला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक. शिंजोकडे काय आहे? २०२२ ला ५९ विजय, ८१ पराभव, सहावा. २०२३ ला ६० विजय, ८२ पराभव, पुन्हा सहावा. पदभार घेतानाच "विजेतेपदाचं लक्ष्य अजिबात ठेवणार नाही" म्हणाला होता. तिकीट काढून येणाऱ्याला हे कसं चालावं?

सेंटरफील्ड : तुमचा आक्षेप रास्त आहे. कुरियामांबद्दल मलाही अतोनात आदर आहे. पण शिंजोच्या हाती काय आलं तेही पाहा. कुरियामांची शेवटची तिन्ही वर्षं, २०१९ ते २०२१, संघ पाचवाच होता. २०२१ च्या नोव्हेंबरात क्लबने निशिकावा आणि ओता यांना सोडून दिलं. पुढच्या वर्षअखेरीस कोंदो सॉफ्टबँक हॉक्स या प्रतिस्पर्धी संघाकडे गेला. म्हणजे घराचे खांब काढून घेतले आणि मग चावी याच्या हातात दिली.

त्याने पहिल्या वर्षी काय केलं? तुम्ही ज्याला लक्ष्य नसणं म्हणता ती मला निवड चाचणी वाटते. जवळपास प्रत्येक खेळाडूला पहिल्या संघात उतरवलं. हंगामाच्या पहिल्या सामन्याला सुरुवातीचा पिचर म्हणून ड्राफ्टच्या आठव्या फेरीतला नवखा कोकी कितायामा! सामना हरले, टीका झाली. आज कितायामा त्याच संघाचा खंदा पिचर आहे. कियोमियाला सगळ्यांसमोर वजन कमी कर म्हणून सांगितलं. पोराने नऊ किलो घटवले आणि २०२२ मध्ये १८ होमरन मारले, तोवरचे त्याचे सर्वाधिक. गो मात्सुमोतोने त्याच तळाच्या संघातून .३४७ ने लीगचा फलंदाजीचा किताब घेतला. २०२३ मध्ये मान्नामीचे २५ होमरन झाले, होमरनचा किताब एकाने हुकला.

आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट नोव्हेंबर २०२१ च्या शरद सरावातली. ओकिनावात शिंजो एका गाडीच्या टपावर उभा राहिला, हातात बॅट आडवी धरली आणि आउटफिल्डर्सना सांगितलं की तुमचा थ्रो या उंचीच्या वर जाता कामा नये. उंच थ्रो दिसायला जोरदार असतो पण वेळ खातो. मधला खेळाडू तो अडवू शकत नाही आणि रनरला पुढचा बेस मिळतो. वाहिन्यांनी गाडीच्या टपावर चढलेला मॅनेजर दाखवला. शिकवत होता तो त्याच्या आयुष्यभराच्या धंद्यातली सर्वांत बारीक गोष्ट.

रानजाई : सहमत. शिवाय २०२४ विसरू नका. ७५ विजय, ६० पराभव, ८ बरोबरी, दुसरा क्रमांक. त्यातले कितीतरी चेहरे दुसऱ्या संघांनी नको म्हटलेले. गुन्जीला ड्रॅगन्सकडून आणलं, कॅचर होता, त्याला इनफिल्ड-आउटफिल्ड सगळीकडे खेळवलं आणि १२ होमरन काढले. मिझुतानी तर सॉफ्टबँकने मोकळा सोडलेला. इंटरलीगमध्ये (दोन लीगच्या संघांमधल्या सामन्यांत) .४३८ मारून तो मानकरी ठरला. ज्याला जागा नाही त्याच्याकडे बघायची ही जी सवय आहे ना, ती २०२० शी जोडलेली वाटते मला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, निवृत्तीला चौदा वर्षं झाल्यावर, बालीतून परत येऊन शिंजो बारा क्लबांच्या सामाईक चाचणीला उतरला होता. भोवती सगळे वीस-तिशीतले, क्लबने काढून टाकलेले खेळाडू. त्याने हिटही मारली. कोणाचाच फोन आला नाही. त्या रांगेत उभं राहिलेला माणूस नंतर मॅनेजर झाला की बाकावर बसलेल्या पोराकडे वेगळ्या डोळ्यांनी बघणारच.

तिसरा_पंच : रानजाई, ही बाजू मी विचारात घेतली नव्हती. पण दुसरा म्हणजे पहिला नव्हे. २०२४ ला सॉफ्टबँक साडेतेरा सामन्यांनी पुढे होतं आणि क्लायमॅक्स सीरिजच्या अंतिम टप्प्यात फायटर्सना एकही सामना घेता आला नाही.

सेंटरफील्ड : बरोबर, आणि म्हणूनच २०२५ बघावं. ८३ विजय, ५७ पराभव. अंतर साडेतेरावरून साडेचारावर आलं. हिरोमी इतोने १४ विजय आणि १९५ स्ट्राइकआउटसह (फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करणं) उत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार घेतला, रेयेसने ३२ होमरन आणि ९० आरबीआयसह दोन्ही किताब. अंतिम टप्प्यात लीग विजेत्याला एक विजय आधीच दिलेला असतो, वर पहिले दोन सामने गेले. तिथून फायटर्सनी सलग तीन जिंकले आणि सहावा १-२ असा गमावला. समोरच्या सॉफ्टबँकमध्ये कोंदो, आरिहारा, उवासावा, तिघेही पूर्वीचे फायटर्स. लीग अजून जिंकलेली नाही हे मान्य. पण २०२२ च्या संघापासून इथवरचा चढ पैशाने विकत घेतलेला नाही. मला त्याचं श्रेय त्याला द्यायचं आहे, आणि दोन वर्षं तळाला राहूनही मॅनेजर न बदलणाऱ्या क्लबलाही.

उत्तरेकडे : क्लबच्या धीराचं एक कारण इथे राहून कळतं. २०२३ च्या मार्चमध्ये किताहिरोशिमात एस्कॉन फील्ड उघडलं, साप्पोरो आणि विमानतळाच्या मधे. नैसर्गिक गवत, सरकतं छत, आउटफिल्डमागे काचेची प्रचंड भिंत, आत गरम पाण्याचं कुंड, तिथे बसून सामना बघता येतो. भिंतीवर दारविश आणि ओहतानी या संघाच्या माजी खेळाडूंचं मोठं चित्र. संघ तळाला असतानाही आम्ही मुलांना घेऊन जायचो, कारण शिंजोच्या संघात कुठल्याही क्षणी तिसऱ्या बेसवरचा रनर निघेल, स्क्वीझ (हलक्या ठोक्यावर तिसऱ्या बेसवरच्या रनरला घरी आणणं) होईल, काहीतरी घडेल असं वाटत राहायचं. मुलगी आता आउटफिल्डच्या बाजूचंच तिकीट मागते.

पाटीपेन्सिल : आता बघावंसंच वाटतंय. भारतातून सामने कुठल्या वेळेला पडतात?

उत्तरेकडे : जपान साडेतीन तास पुढे. संध्याकाळचा सामना सहाला म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. शनिवार-रविवारी इथे बऱ्याचदा दुपारी दोनला असतो, तुमच्याकडे सकाळी साडेदहा. हंगाम मार्चअखेर सुरू होतो. कॅमेरा सगळं दाखवत नाही, तरी फायटर्स फिल्डिंगला असताना चेंडू टाकायच्या आधी मधल्या फील्डरचे पाय दिसले तर तिकडे लक्ष ठेवा.